गिधाडे कोणी घालविली?

पशुपक्ष्यांच्या संमेलनाला जायचे म्हणून आम्ही दोन दिवसांची रजा टाकली, तेव्हा आमच्या कार्यालयात हशा पिकला. "साहेब, मोर्चा, जयंती, परिषद यासाठी तुमची रजा आम्ही समजू शकतो, पण पक्षी?" असे आमच्या शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले. खरे सांगायचे तर आम्हालाही थोडे हसूच आले होते. रानातले प्राणी, फुलपाखरे, पाखरे हे ज्यांचे पोट भरलेले आहे त्यांचे छंद, असाच आमचा आजवरचा समज. गळ्यात दुर्बीण अडकवून पहाटे झाडाकडे बघत बसणारा माणूस आपल्या वस्तीत दिसला, तर लोक पोलिसाला बोलावतील!

पण या वेळी निमित्त आमच्या लेकीचे होते. ती बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र. कॉलेजातल्या मॅडमनी तिला एक पत्रक दिले. कोकणातले वन्यजीव आणि निसर्ग यांवर काम करणाऱ्या मंडळींचे दोन दिवसांचे संमेलन, रायगड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, शाळेच्या सभागृहात. विद्यार्थ्यांना शुल्कात सवलत. पत्रक हातात घेऊन पोरगी चार दिवस घरात गप्प गप्प फिरत होती. शेवटी तिच्या आईनेच विषय काढला. "एकटीला पाठवायचं नाही. जायचं तर तुम्ही घेऊन जा. आत्यांच्याकडे मुक्काम होईल, लॉजचा खर्च नको." हिशेब आमच्या घरात आम्ही लिहितो खरा, पण करते तीच.

आमची थोरली आत्या संमेलनाच्या गावापासून दोन एस.टी. बदलून जाण्याच्या अंतरावर, आमच्या मूळ गावच्या बौद्धवाडीत राहते. वय अठ्ठ्याहत्तरच्या घरात. गुडघे दुखतात, कान शाबूत आहेत. आम्ही सकाळी निघालो तर म्हणाली, "म्या बी येतंय. घरात बसून काय करू?" नोंदणीच्या टेबलावर आत्याचे नाव ऐनवेळी लिहून घेतले. तिचे पैसे घेतले नाहीत, हे आयोजकांचे सौजन्य येथे नमूद केलेच पाहिजे. आमच्या छातीवर नावाचा बिल्ला लावताना एका गृहस्थांनी आडनाव वाचले, क्षणभर थांबले आणि "मूळ गाव कुठलं आपलं?" असे विचारले. वाचकहो, हा प्रश्न तुम्हालाही ओळखीचा असेल. आम्ही गाव सांगितले. "अच्छा, अच्छा," असे म्हणून ते पुढच्या माणसाकडे वळले.

सभागृहात दीडशे-दोनशे माणसे असतील. निम्मी तरुण, जीन्स आणि टोप्या घातलेली. पुढच्या रांगेत ज्येष्ठ मंडळी. सकाळच्या सत्रात रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या कासवांची माहिती सांगण्यात आली. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून तेथील किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखण्याचे काम सुरू केले आणि पुढे गावकऱ्यांनी कासव महोत्सव भरवून त्यातून चार पैसेही मिळवले, हे ऐकून आम्हाला बरे वाटले. खवले मांजर, समुद्र गरुड, शेकरू यांवरही निबंध वाचले गेले. फुलपाखरांच्या निबंधाच्या वेळी आमचा डोळा लागला, ते आम्ही प्रामाणिकपणे कबूल करतो. लेकीने मात्र वहीची बारा पाने भरली.

दुपारच्या जेवणाआधीचे सत्र गिधाडांवर होते.

आधी एका संशोधक तरुणीने माहिती दिली. तिशीही उलटली नसेल, पण विषयावर पकड अशी की सभागृहात चुळबूळ थांबली. भारतात गिधाडांच्या नऊ जाती. त्यांपैकी पांढऱ्या पाठीचे गिधाड आणि लांब चोचीचे गिधाड या दोन जाती आपल्या भागात पूर्वी सर्रास दिसत. पांढऱ्या पाठीचे उंच झाडांवर घरटे करते, लांब चोचीचे डोंगराच्या कड्यावर. मादी वर्षाला एकच अंडे घालते. नर-मादी आळीपाळीने ते उबवतात, आणि पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षे लागतात. म्हणजे या पक्ष्याचा संसार आपल्या गिरणी कामगारासारखा, शिल्लक फार थोडी. एकदा मोठी खोट आली की भरून काढायला पिढ्या जातात.

आणि खोट कसली आली, तर १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एक एवढीच उरली. ९९.९ टक्के घट! लांब चोचीच्या गिधाडांत ती ९७ टक्क्यांच्या आसपास. आम्ही बी.कॉम. झालेले, एवढा बुडीत धंदा आम्ही कोणत्याच ताळेबंदात पाहिलेला नाही. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांच्या ध्यानात ही गोष्ट प्रथम आली. गिधाडे माना खाली टाकून झाडावर बसून राहत आणि खाली पडून मरत. रोग असावा, असे सर्वांना वाटले. विषाणूचा शोध झाला, कीटकनाशकांचा झाला. अखेर २००४ साली अमेरिकन पशुवैद्यक डॉ. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांची तपासणी करून कारण जाहीर केले. डायक्लोफेनॅक!

हे नाव ऐकताच आत्याने आमच्याकडे पाहिले. तिच्या गुडघ्यांसाठी दवाखान्यातून मिळतात त्या गोळ्यांच्या पाकिटावर हेच नाव आहे, आणि आम्हीच तिला ते वाचून दाखवलेले. माणसाला डॉक्टर देतात ते हेच औषध. १९९० नंतर ते जनावरांसाठीही स्वस्तात मिळू लागले. बैल लंगडला, गाईची कास सुजली, की टोचा इंजेक्शन. जनावर वाचले तर प्रश्न नाही. पण इंजेक्शन दिल्यावर दोन-चार दिवसांत ते दगावले आणि गिधाडांनी खाल्ले, तर औषधाचा अंश त्यांच्या पोटात जातो, मूत्रपिंडे निकामी होतात आणि आतल्या अवयवांवर पांढरी पुटे चढून काही दिवसांत गिधाड मरते. एका मेलेल्या गाईवर पन्नास-साठ गिधाडे बसत. त्यामुळे सगळीच जनावरे विषारी असण्याची गरज नव्हती. हजारातली सात-आठ जनावरे तशी निघाली तरी एवढा ऱ्हास होऊ शकतो, असे शास्त्रज्ञांचे गणित आहे.

सरकारने २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बनविण्यावर बंदी आणली. मग लोक माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या घेऊन जनावरांना टोचू लागले, तेव्हा २०१५ साली ती बाटलीच तीन मिलिलिटरची केली. २०२३ साली जनावरांसाठी कीटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक या औषधांवरही बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना बाधत नाही. गावाकडे ज्यांच्या दावणीला अजून बैल, गाय, म्हैस आहे, त्यांनी डॉक्टरकडे "मेलॉक्सिकॅम द्या" असे नाव घेऊन मागावे. तो आपला हक्क आहे, आणि त्यात जनावराचे काही वाईट होत नाही.

गिधाडे गेली तर माणसाचे काय बिघडले, असे आम्ही मनात म्हणत होतो तोच तिने पुढचा तक्ता दाखविला. गिधाडांचा थवा एक मेलेली गाय तासाभरात साफ करतो. त्यांच्या जठरातले आम्ल एवढे तीव्र की काळपुळीचे जंतूदेखील त्यात टिकत नाहीत. गिधाडे गेल्यावर ते मांस कुत्र्यांना मिळाले, कुत्री वाढली, पाणी नासले. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख माणसे जादा मेली. पाच लाख! मुंबईतल्या पारशी बांधवांच्या दोखम्यांवरही गिधाडे येईनाशी झाली आणि त्यांना सूर्याची उष्णता एकवटणारी यंत्रे बसवावी लागली, हे आम्हाला ठाऊक नव्हते.

इथवर सारे ठीक चालले होते. त्यानंतर विचारपीठावरचे एक ज्येष्ठ वक्ते उठले. तीस वर्षे रानोमाळ भटकलेला माणूस, आम्ही त्यांचे नाव येथे लिहीत नाही, कारण त्यांचा आमचा काही वैयक्तिक वाद नाही. ते कोकणातल्या गिधाडांविषयी बोलू लागले. उंच झाडे तुटली, गुरे कमी झाली, मेलेले जनावर लोक आता पुरून टाकतात, असे सांगत सांगत ते म्हणाले, की पूर्वी आपल्या गावगाड्यात एक सुंदर व्यवस्था होती. मेलेले जनावर ओढून गावाबाहेरच्या माळावर नेण्याचे काम एक विशिष्ट समाज करीत असे. कातडे निघे, उरलेले गिधाडांना मिळे, गाव स्वच्छ राही. पुढे सामाजिक कारणांनी ती व्यवस्था मोडली, आणि गिधाडांच्या उपासमारीला तिथून सुरुवात झाली.

सुंदर व्यवस्था!

आमच्या एका बाजूला लेक बसली होती, दुसऱ्या बाजूला आत्या. लेकीने वहीत लिहिता लिहिता मान वर केली आणि हळूच विचारले, "बाबा, विशिष्ट समाज म्हणजे कोण?" वाचकहो, आमची मुलगी मुंबईत वाढली. जयंतीला निळा झेंडा घेऊन नाचली. बावीस प्रतिज्ञा तिला पाठ आहेत. पण ढोर ओढणे म्हणजे काय, हे तिला आम्ही कधी सांगितले नव्हते. चांगले दिवस आले, आता कशाला उगाच, असे आपण सगळेच म्हणतो. आम्ही आत्याकडे पाहिले. ती समोर पाहत होती.

प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे होते. आम्ही लिहून दिला. चार चिठ्ठ्या वाचल्या गेल्या. आमची वाचली गेली नाही. वेळ संपत आली म्हणून सूत्रसंचालकांनी आभाराचा कागद काढला, तेव्हा आम्ही उभे राहिलो. युनियनच्या सभेत उभे राहण्याची सवय आहे, पण तेथे पाय थोडे कापले हे खोटे कशाला सांगू? "वेळ नाही, जेवणाच्या वेळी बोलू," असे सूत्रसंचालक म्हणाले. तेव्हा ती संशोधक तरुणी माइकजवळ जाऊन म्हणाली, "माझ्या सत्रातली दोन मिनिटं शिल्लक होती, ती त्यांना द्या."

आम्ही म्हणालो, की आम्ही शास्त्रज्ञ नाही, हिशेब लिहिणारे कारकून आहोत, म्हणून फक्त तारखा जुळवून पाहतो. जेथे आपण बसलो आहोत त्या जिल्ह्यातच, महाडला, १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली होती. तेही एक प्रादेशिक संमेलनच. त्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरे ओढू नका, मृतमांस खाऊ नका, असे आमच्या माणसांना सांगितले. त्यानंतर काही गावांनी ते काम लगेच टाकले, काहींनी पुढे टाकले. आमच्या गावाने १९५६ साली टाकले. तुमच्याच तक्त्याप्रमाणे गिधाडांचा ऱ्हास सुरू झाला तो १९९२ नंतर. मधल्या पस्तीस-छत्तीस वर्षांचे काय? गिधाडे काय एवढी वर्षे उपाशी राहून मग मेली? ज्या खात्यात खर्च पडला आहे ती तारीख एक, आणि ज्याच्या नावे टाकता ती तारीख दुसरी. असा हिशेब आमच्या कार्यालयात कोणी लिहिला तर लेखापरीक्षक त्याला घरी पाठवील. औषध कारखान्यात बनले, दुकानात विकले गेले, टोचले गेले आणि त्याचा भार मात्र ज्यांनी हातातला दोर टाकला त्यांच्या माथी?

आणि शेवटी एवढेच म्हणालो, की ती व्यवस्था सुंदर होती असे दोर ओढणाऱ्या कोणाकडून आम्ही आजवर ऐकलेले नाही.

टाळ्या पडल्या, पण मागच्या रांगांतून. पुढच्या रांगेत शांतता होती. वक्ते उठले आणि म्हणाले, जातीचा मुद्दा माझ्या मनातही नव्हता, मी फक्त निसर्गसाखळीविषयी बोलत होतो. यावर आम्ही काय बोलणार? साखळीतल्या एका कडीला आपण कडी आहोत हे विचारले गेले नव्हते, एवढेच.

बाबासाहेबांच्या वाट्यालाही हाच हिशेब आला होता, हे आम्हाला जेवणाच्या रांगेत आठवले. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात त्यांनी तो सांगितला आहे. गावात वर्षाला किती गुरे मरतात, त्यांची शिंगे, खूर, हाडे, कातडी यांचे किती रुपये होतात आणि ते काम सोडायला लावून आंबेडकर आपल्याच लोकांचे कसे नुकसान करीत आहेत, असे पत्र 'केसरी'त आले होते. बाबासाहेबांचे उत्तर थोडक्यात असे होते, की फायदा एवढा मोठा असेल तर तुम्ही घ्या, आम्हाला आमचा मान पुरे. तेव्हा नुकसान रुपयांत मोजले होते. आता पक्ष्यांत मोजतात.

जेवताना ते ज्येष्ठ वक्ते ताट घेऊन आमच्या शेजारी येऊन बसले. हे त्यांचे मोठेपण. कोकणात अन्नाची टंचाई खरोखर आहे, हे त्यांनी शांतपणे समजावून सांगितले. येथे गुरे घाटावरच्या इतकी नाहीत. म्हणूनच म्हसळा तालुक्यात महाडच्या 'सीस्केप' संस्थेचे प्रेमसागर मेस्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेली जनावरे मिळवून गिधाडांना घालण्याचे काम वर्षानुवर्षे केले, आणि चिरगावच्या ग्रामस्थांनी झाडांवरची घरटी राखली. गडचिरोलीत वनखात्याने अशीच 'गिधाड उपाहारगृहे' चालविली. जनावर औषधाचे आहे की बिनऔषधाचे, याची आधी खात्री करावी लागते. हे आम्हाला पटले. ते म्हणाले, "तुमच्या तारखा बरोबर आहेत. मी वाक्य बदलीन." आम्हीही कबूल केले, की गुरे पुरू लागल्यामुळे आणि झाडे तुटल्यामुळे कोकणात फरक पडला असेल, ते नाकारण्यात अर्थ नाही.

मग आम्ही विचारले, "त्या उपाहारगृहापर्यंत जनावर ओढतो कोण?"

त्यांनी भात कालवला आणि म्हणाले, "मिळतात माणसं. पैसे देतो."

कोणती माणसे मिळतात, हे आम्ही पुढे विचारले नाही. पण विचारायला हवे होते. २०१६ साली गुजरातेत ऊना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या आपल्या तरुणांना गाडीला बांधून मारले, तेव्हा तेथील दलितांनी मेलेली गुरे सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीसमोर नेऊन टाकली आणि हे काम बंद केले. नंतर जागोजाग ढोरे सडत पडली आणि तेव्हा कुठे कळले की हे काम कोण करीत होते. गिधाडे वाचलीच पाहिजेत. पण त्यासाठी ट्रॅक्टर घ्या, हातमोजे द्या, बूट द्या, धनुर्वाताची लस द्या, मजुरीचा दर कागदावर लिहा, आणि ते काम कोणत्याही वाडीतल्या माणसाने करावे असे करा. उपाहारगृह म्हणायचे आणि वाढपी मात्र जन्माने ठरलेला, हे आता चालणार नाही.

वक्त्यांनी आत्यालाही नमस्कार करून विचारले, "आजी, तुमच्या लहानपणी गिधाडं होती ना?" आत्या म्हणाली, "व्हती." आणि पुन्हा भातात हात घातला. एवढेच. माणूस कितीही चांगला असो, सांगायचे कोणाला हे तिचे तिने ठरवायचे.

सांगितले ते संध्याकाळी, शाळेच्या पायरीवर. ती संशोधक तरुणी चहा घेऊन आली आणि काही न विचारता आत्याच्या खालच्या पायरीवर बसली. आमची लेकही बसली. बराच वेळ गुडघ्यांच्या औषधावर बोलणे झाले. मग आत्याच म्हणाली, "पोरी, तू फोटू दाखवलंस त्यात लाल मानेचं न्हवतं."

तरुणीने कप खाली ठेवला. "लाल मानेचं तुम्ही पाहिलंय, आजी?"

"पाह्यलंय म्हंजी? माज्या हातात काठी असायची."

ती सात-आठ वर्षांची असताना माळावर जनावर नेले, की कातडे निघेपर्यंत गिधाडांना हाकलत उभे राहणे हे वाडीतल्या पोरांचे काम होते. गिधाडांनी चोच मारली की कातड्याला भोक पडते आणि भाव जातो. म्हणून पोरांच्या हातात काठ्या. आधी कावळा यायचा, मग कुत्री, मग घार. आभाळ मोकळे दिसायचे. मग कुठून तरी एक गिधाड उतरायचे, आणि ते उतरले की चहूकडून रांग लागायची. वासाने येत नाहीत, एकमेकांना बघून येतात, असे आत्या म्हणाली. तरुणीने मान हलवली, शास्त्रही तेच सांगते. पांढऱ्या पाठीची घोळक्याने भांडतात, माना लांब करून फिसकारतात. लाल मानेचे एकटे किंवा जोडीने यायचे, लांब उभे राहायचे. पोट भरले की त्यांना उडता येत नाही, पळत जाऊन मग पंख मारतात, तेव्हा पोरे त्यांच्या मागे धावायची. भीती वाटायची का, असे लेकीने विचारले. "पंख लागला तर पडाया व्हायचं. पर भ्या त्यांचं न्हवतं. उशीर झाला तर गावाचं भ्या."

१९५६ च्या डिसेंबरात आमचे आजोबा मुंबईहून परत आले. बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेला गेले होते, आणि दादरच्या चौपाटीवर लाखोंच्या संगतीने धम्मदीक्षा घेऊन आले. आल्यावर त्यांनी वाडीला सांगितले, की उद्यापासून दोर नाही. त्याच आठवड्यात कोणाचा तरी रेडा मेला. बोलावणे आले. कोणी गेले नाही. तीन दिवस रेडा तसाच पडून होता. त्यानंतर वर्षभर वाडीला शेतावर काम मिळाले नाही, दुकानदाराने मीठ दिले नाही. आत्याची धाकटी बहीण त्याच पावसाळ्यात गेली. ही बहीण होती, हेच आम्हाला आजवर माहीत नव्हते.

"मग गावाने जनावरं पुरली का?" तरुणीने विचारले.

"कशाला पुरत्यात? त्यांनीच बैल जुपून त्याच माळाव नेऊन टाकली. गिधाडं तशीच येत व्हती. मी पाण्याला जाताना बघायची. माज्या धाकट्याचं लगीन झालं तवर तरी व्हती. मंग एक वरीस आली न्हाईत."

धाकट्याचे लग्न १९९७ चे. आम्ही स्वतः पत्रिकेचे पाकीट लिहिले होते. तरुणीने ते साल लिहून घेतले, माळाचे नाव लिहून घेतले, लाल मानेच्या गिधाडाविषयी तीनदा फिरून फिरून विचारले. त्याला राज गिधाड म्हणतात, आणि तेही आता देशात अत्यंत धोक्यात आलेल्या जातींत आहे. जुन्या नोंदी साहेब लोकांच्या आणि शिकारी लोकांच्या आहेत, असे ती म्हणाली. माळावर उभे राहून रोज पाहणाऱ्याची नोंद कोणी घेतलेली नाही. "आजी, तुमचं नाव लिहू का?" आत्या जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नाव लिव. काठीचं बी लिव."

लेक त्या रात्री आत्याच्या शेजारी झोपली. किती वेळ बोलत होत्या कोणास ठाऊक. आम्ही ओटीवर होतो, झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी संमेलनाच्या गाडीने सगळ्यांना चिरगावला नेले. आत्याला चढ नको म्हणून रस्त्याच्या कडेला खुर्ची दिली. हिवाळा हा गिधाडांच्या घरट्यांचा हंगाम. एका उंच झाडावर काटक्यांचा भारा दिसला आणि त्यावर काळसर काहीतरी बसलेले. दुर्बिणीतून आम्हाला पानेच दिसली. आमच्या चष्म्याचे आणि दुर्बिणीचे जमले नाही. लेकीला मान दिसली, मग पंख पसरल्यावर पाठीवरचा पांढरा पट्टा. ती ओरडलीच, आणि सगळ्यांनी तिला गप्प केले. थोड्या वेळाने वरून आणखी दोन गिधाडे घिरट्या घालत गेली. ती मात्र आम्हालाही दिसली. पंख हलवत नाहीत, नुसती तरंगतात. आत्याने दुर्बीण घेतली नाही. हाताची सावली डोळ्यावर धरून म्हणाली, "तीच."

परत येताना एस.टी.त लेकीने विषय काढला. मे महिन्याच्या सुट्टीत ती तरुणी आत्याच्या गावच्या आसपासचे जुने माळ आणि जुनी घरट्यांची झाडे यांची पाहणी करणार आहे. वृद्ध माणसांना भेटून विचारायचे, झाड अजून उभे आहे का ते पाहायचे, लिहून आणायचे. मानधन नाही, प्रवासखर्च मिळेल. लेकीला सोबत यायला सांगितले आहे. तिच्या आईचे म्हणणे, तीन आठवडे रानावनात पोरगी, आणि परीक्षेचा निकाल लागायचा आहे. आमचे म्हणणे, पुढे या शिक्षणावर नोकरी मिळते का, ते आधी पाहू. या विषयावर घरात अजून एकमत झालेले नाही. मात्र परवा गावाहून आमचा चुलतभाऊ आला होता. आत्याने माळ्यावरची खाट खाली काढून उन्हात टाकली आहे आणि सुंभ नवा भरायला दिला आहे, असे तो सांगत होता.